दुसऱ्या बटणाची उंची

टेपकाकांना त्यांचं खरं नाव विचारलं तर ते स्वतःच क्षणभर अडखळायचे. संशोधन केंद्रात पोस्टमनपासून संचालकबाईंपर्यंत सगळ्यांनी त्यांना टेपकाका करून टाकलं होतं, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. शिंप्यासारखा गळ्यात टेप अडकवल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पाऊल टाकत नसे. एकदा तर सख्ख्या मेहुण्याच्या लग्नालाही तसाच निघाला होता. बायकोने हॉलच्या दारात तो टेप गळ्यातून ओढला, पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "इथे कुणाची कंबर मोजायचीय तुम्हाला?"

काम एकच. केंद्राच्या मागे सहा एकरांचा एक तुकडा होता आणि त्यात पांगारे होते. कुंपणाला लावतात तो नुसता एक पांगारा नव्हे, त्याचं सगळं गणगोत. वाल-चवळीसारख्या शेंगा धरणाऱ्या झाडांमधलं हे एक घराणं, जगातल्या सगळ्या उष्ण मुलखांत पसरलेलं. त्यातल्या चौदा जातींची दोनशे बारा झाडं इथे एका जागी उभी होती. कुणाचं बी बोटीने आलेलं, कुणाचं कुणा ओळखीच्या माणसाच्या खिशातून. कुणाला रक्तासारखी लाल फुलं, कुणाला केशरी, एकाला चक्क पांढरी. काटे मात्र जवळजवळ सगळ्यांना. "पळसाला पाने तीनच म्हणतात. पांगाऱ्यालाही तीनच असतात, पण बिचाऱ्याची म्हण कुणी केली नाही," असं टेपकाका नव्या माणसाला न चुकता सांगत. नवा माणूस हसला नाही तर त्याला समजलं नसेल असं धरून पुन्हा सांगत.

वर्षातून दोनदा या दोनशे बारा झाडांचा घेर मोजायचा आणि वहीत उतरवायचा. फुलं कधी आली, पानं कधी गळली, शेंगा कधी तडकल्या, तेही लिहायचं. एकतीस वर्षं झाली. एकतीस वह्या झाल्या. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही.

हे काम त्यांना शिकवलं जुन्या साहेबांनी. सगळी झाडं त्यांनीच लावलेली, आणि माणूस भलताच हट्टी. घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर. आपल्याकडे सगळीकडे हीच रीत. बाकी ठिकाणी खोडावर रंगाचा पट्टा मारून ठेवतात, म्हणजे दर वेळी टेप त्याच जागी पडतो. पण पांगाऱ्याची साल तडकते, सुटते, दोन वर्षांत पट्ट्याचा पत्ता लागत नाही. खिळा मारावा तर साहेब कडाडले, "माझ्या झाडांना मी खिळे ठोकू?" मग एक काठी केली. ती सहा महिन्यांत वाळवीने फस्त केली. तेव्हा साहेबांनी आपल्या या पंचवीस वर्षांच्या नव्या मदतनिसाला ऑफिसच्या भिंतीशी उभं केलं, खडूने एक मीटर सदतीसची रेघ मारली आणि बघतात तो काय! रेघ बरोबर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर.

"अरे वा! तूच काठी आहेस की!" साहेब म्हणाले. "ताठ उभं राहायचं, दुसऱ्या बटणासमोर टेप लावायचा. तुला काही वाळवी लागायची नाही."

टेपकाका तेव्हा असे उंच आणि सरळ होते की कॉलनीतली पोरं त्यांना विजेचा खांब म्हणत. साहेबांचं ते वाक्य त्यांनी काळजात जपून ठेवलं. केंद्राकडून गणवेशाचं कापड मिळायचं, ते घेऊन शिंप्याकडे जाताना जुना शर्ट बरोबर न्यायचे आणि म्हणायचे, "कॉलर कशीही कर, दुसरं बटण तिथेच पाहिजे." शिंपी वैतागायचा. "काका, फॅशन बदलली हो." "तुझी बदलली असेल. माझ्या झाडांची नाही." साहेब निवृत्त झाले, पुढे वारलेही, पण बटणाची जागा काही हलली नाही.

फॅशनचं म्हणाल तर ती झाडांचीही बदलते, हे टेपकाकांना माहीत नव्हतं असं नाही. पाहुणे काय घेऊन जातात त्यावरून ते ओळखायचे. सुरुवातीला येणारे लोक झाडाखाली उभे राहून सावली मोजायचे. मळ्यात सावलीला लावायला, कुंपणाला, गुरांच्या पाल्याला हे झाड कसं, असं त्यांना हवं असायचं, आणि ते काकांच्या वह्या उतरवून न्यायचे. मग आले मुळं खणणारे. या कुळाच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतलं खत जमिनीत घालतात म्हणे. त्यांनी खड्डे करून ठेवले आणि बुजवले काकांनी. मग आले सालवाले. हातात बरण्या, तोंडावर मास्क. साल, बिया, सगळं दळायचं आणि त्यातलं औषध शोधायचं. त्यांना झाड किती वर्षांचं, किती वाढलं, कशाशी घेणंदेणं नव्हतं. पाव किलो साल मिळाली की गाडी सुरू. मध्ये एकदा कसली तरी बारीक माशी येऊन पानांवर फोड उठले, तेव्हा दोन वर्षं किडेवाल्यांची वर्दळ होती. माशी गेली, तेही गेले. प्रत्येकाने फोटो काढले. फोटोत पाहुणे हसताना दिसत, आणि कडेला टेप धरलेले दोन हात.

"तुमचं तोंड का नसतं हो कशात?" बायको विचारायची.

"मोजणाऱ्याने मध्ये यायचं नसतं," काका म्हणायचे. आपण बरं, आपलं काम बरं.

त्यांची एकुलती एक लेक मात्र हुशार निघाली. सतराव्या वर्षी शिकायला म्हणून घर सोडलं ते सोडलंच; शिकून मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात माहिती विभागात लागली. जगात कुठल्या झाडावर कुणी काय लिहिलं, किती लिहिलं, ते कॉम्प्युटरवर गोळा करून मांडायचं, हे तिचं काम. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी यायची. त्या रविवारी आली. चहा गार झाला तरी कपाला हात लावेना. शेवटी तिने पिशवीतून एक कागद काढला आणि बाबांसमोर ठेवला.

"वरून काम आलंय, बाबा. पांगाऱ्याच्या कुळावर गेल्या पन्नास वर्षांत काय काय संशोधन झालं, कुठे वाढलं, कुठे आटलं, त्याचा आलेख. मीच केलाय."

कागदावर रंगीत रेघा होत्या. एक लाल रेघ डोंगर चढल्यासारखी वर गेली होती. एक निळी होती, ती मध्ये थोडी उठून मग घसरत घसरत तळाला जाऊन पडली होती.

"लाल म्हणजे सालीतली औषधं," लेक म्हणाली.

"आणि ही खाली लोळतेय ती मी का?"

लेकीने मान हलवली. झाडांची वाढ, मोजणी, लागवड. इथल्या आकड्यांवर शेवटचा लेख नऊ वर्षांपूर्वी निघाला होता.

"बरं मग? फॅशन जाते, परत येते."

"परत यायला वेळ नाही देणार ते. सहा एकर रिकामे करून तिथे सालीची प्रयोगशाळा बांधायची चाललीय. आधी झाडांची साल काढून घ्यायची, मग झाडं तोडायची. कुठले तुकडे ठेवायचे आणि कुठले नाही ते या आलेखावरून ठरवणार आहेत." तिचा आवाज फुटला. "मला काय माहीत होतं, बाबा? मला म्हणाले मोज, मी मोजलं."

पोरीवर रागवावं तर तिने केलं काय? तेच केलं जे त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. ते उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. आतून बायको म्हणाली, "आकडेच पाहिजेत ना त्यांना? मग यांच्या वह्या काय रद्दीत घालायच्या आहेत?"

आणि तिथून आशा लागली. आशा लागणं वाईट, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

लेकीने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि एकतीसच्या एकतीस वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. काका शेजारी बसून आकडे वाचायचे, ती बोटं चालवायची. सव्वीस वर्षांपूर्वी साठ नंबरला वीज पडली होती, तेव्हाची हकिगत काका सांगायला लागले, तर लेक म्हणाली, "बाबा, आकडा सांगा, आकडा." शेवटच्या दिवशी तिने सगळं एकत्र केलं, रेघ काढली आणि खुर्चीतून उडालीच.

"बाबा! तुम्हाला कळतंय का हे काय आहे?"

गोष्ट अशी होती. जगभरातल्या लेखांत लिहिलं होतं की पांगाऱ्याचं खोड अठरा-वीस वर्षांपर्यंत झपाट्याने भरतं आणि मग थांबतं. काकांच्या वह्यांतही अठराव्या वहीपर्यंत तसंच होतं. पण पुढे वाढ थांबली नव्हती. वर्षाला मिलिमीटर, दीड मिलिमीटर, पण दोनशे बाराही झाडं, चौदाही जाती, गेली तेरा वर्षं हळूहळू भरतच होत्या. हे कुणीच कुठे पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? एवढी वर्षं एका जागी उभं राहून मोजलंय कुणी?

लेक तडक संचालकबाईंकडे गेली. बाई वयाने लहान, कामाला वाघ, आणि दुष्ट अजिबात नव्हत्या. त्यांनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "हे खरं असेल तर त्या तुकड्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. दहा वर्षं तरी नाही. लेख लिहा. मोजणी कशी केली ते नीट लिहा, एखादा फोटो जोडा. यावेळी काकांचा चेहरा येऊ द्या."

त्या रात्री काकांनी कधी नव्हे ते बायकोला शर्टाला इस्त्री करायला सांगितली. "अगं बाई! नवरदेव निघाले," म्हणत तिने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक झाडांत गेले. सात नंबर, पांढऱ्या फुलांचा, काकांचा लाडका. लेकीने कार्यालयातून धातूची उभी मोजपट्टी आणली होती, एक मीटर सदतीसवर लाल खूण केलेली. ती तिने खोडाशी उभी केली. "बाबा, तुम्ही टेप लावून उभे राहा, नेहमीसारखे. मी कॅमेरा लावते," म्हणाली आणि पाठ फिरवून बॅगेत डोकं घातलं.

काका उभे राहिले. टेप खोडाभोवती घेतला, दुसऱ्या बटणासमोर आणला, आणि सहज शेजारच्या मोजपट्टीकडे नजर गेली.

लाल खूण वर होती. चांगली चार बोटं वर.

आधी त्यांना वाटलं, पट्टी खड्ड्यात उभी आहे. त्यांनी पायाने माती चाचपली. जमीन सपाट होती. मग वाटलं, शिंप्याने घोळ घातला. त्यांनी बटण चाचपलं. बटण जागेवर होतं. मग ते ताठ झाले. जुन्या साहेबांनी भिंतीशी उभं केलं होतं तसे, श्वास भरून, खांदे मागे टाकून. पाठीत कळ आली. बटण एक बोट वर सरकलं आणि तिथेच थांबलं. टाचा उचलल्या तेव्हा कुठे खुणेला पोचलं.

छप्पन्न वर्षांचा माणूस झाडाला टेप गुंडाळून चवड्यांवर उभा होता. लेक अजून बॅगेत काहीतरी शोधत होती.

आता खरं सांगतो, त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. टाचा उचलून फोटो काढला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दहा वर्षं झाडं उभी राहिली असती आणि तोवर काका निवृत्त होऊन घरी बसले असते. हे सगळं त्यांच्या मनात आलं. माणूस होते, येणारच. पण एकतीस वर्षं ज्याने वहीत एक आकडा खोडला नाही, त्याला ते कसं जमावं?

टाचा खाली टेकल्या. "पोरी," ते म्हणाले, "इकडे बघ जरा."

लेक वळली. तिने बटण पाहिलं, खूण पाहिली, बापाची वाकलेली पाठ पाहिली. हुशार होती ती, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पांगाऱ्याचं खोड बुंध्याकडे रुंद असतं. टेप जितका खाली, तितका घेर जास्त. झाडं वाढत नव्हती. काका खाली येत होते.

कॅमेरा तिने तसाच गवतात ठेवला.

पुढचे तीन दिवस दोघांनी दोनशे बाराही झाडं पट्टी लावून नव्याने मोजली. पहिल्या दहा झाडांतच उत्तर कळलं होतं, पण काका म्हणाले, सगळी मोजायची. प्रत्येक झाडाचा घेर अठराव्या वर्षाच्या वहीत होता तिथेच, फार तर केसभर इकडे-तिकडे. थांबलं होतं झाड, जगातल्या सगळ्या पांगाऱ्यांसारखं, केव्हाच. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तीही हादरली, पण बोलल्याशिवाय तिला राहवतं कुठे? "पळसाला पाने तीनच," म्हणाली. आयुष्यभर ही म्हण दुसऱ्यांना ऐकवली, पण त्या दिवशी काकांना स्वतःला ती ऐकवेना.

लेकीने सगळं जसंच्या तसं संचालकबाईंना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाल्या, "शोध गेला. पण नोंद आहे ना? एका जागी, एका हाताने, एकतीस वर्षं. या कुळावर एवढी लांब नोंद दुसरीकडे नाही. मी त्याच्यासाठी भांडू शकते. फक्त शेवटच्या तेरा वर्षांचं काय ते सांगा. काकांची उंची कधी, किती उतरली, ते वर्षावार मिळालं तर सगळे आकडे दुरुस्त करता येतील. नाही मिळालं तर ती तेरा वर्षं धरता येणार नाहीत, आणि अठरा वर्षांच्या जुन्या नोंदी तर इतरांकडेही आहेत. सोमवारपर्यंत सांगा."

शनिवार होता. लेक घरात शिरली ती चप्पल न काढताच.

"आई, माझी चौकट!"

आतल्या खोलीच्या दाराची चौकट. चौथ्या वर्षापासून दर वाढदिवसाला तिला तिथे उभं करून पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख. मोजणाऱ्याची लेक, तिची रेघ चुकून कशी चालेल? आणि पाच वर्षांची असताना तिने हट्ट धरला होता, "बाबांना पण मोजा! मी कधी पोचणार ते मला कळायला पाहिजे." तेव्हापासून दर वर्षी बापाचीही रेघ, वर, तीही तारखेसकट. चौकटीवर आता कॅलेंडर टांगलेलं होतं. लेकीने ते काढलं. रेघा होत्या. सगळ्या होत्या!

खाली तिच्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या वर चढत गेल्या होत्या. वर काकांच्या रेघा एकमेकींवर बसून एकच जाड काळा पट्टा झाला होता. बारा-तेरा वर्षं माणूस केसभर हलला नव्हता. लेक बोटाने तारखा वाचत गेली. सहा, सात, आठ. तेरा, चौदा. सोळा, सतरा.

सतराच्या पुढे लाकूड कोरं होतं.

तिने बोट तिथेच ठेवलं. सतरावा वाढदिवस झाला आणि ती हॉस्टेलला गेली. त्याच वर्षी काकांची अठरावी वही भरली होती.

"पाठ कधी दुखायला लागली?" तिने विचारलं. "काहीतरी झालं असेल ना? एकदम?"

"पाण्याचा कॅन उचलताना उसण भरली होती की," बायको म्हणाली. "सहा दिवस उठता-बसता येत नव्हतं. पण तुला कळवू दिलं नाही, तुझी परीक्षा होती."

"कधी? कुठल्या वर्षी?"

"सात वर्षं झाली," काका म्हणाले.

"सात कुठली? दहा तरी झाली. तेव्हा ही खिडकी नव्हती."

"रजा टाकली असेल ना? रजेच्या नोंदीत तारीख सापडेल."

काकांनी मान खाली घातली. "रजा नव्हती टाकली. मोजणीचे दिवस होते. कमरेला पट्टा बांधून फिरलो."

"मग त्या दिवसापासून वाकलात, की हळूहळू?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "मी रोज बघते गं यांना," ती म्हणाली. "रोज बघणाऱ्याला कसं कळणार?"

मग जुने फोटो बाहेर काढले. ट्रंक उपसली, पाकिटं उपसली. सालवाल्यांबरोबरचे, किडेवाल्यांबरोबरचे, कुठल्याशा मोठ्या पाहुण्यांबरोबरचे. सगळ्यांत काकांचे हात होते. माणूस एकातही नव्हता. झाडं तोडून लाकडावरून वर्षं मोजावीत तर तेही नाही. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, भुसभुशीत, त्यात वर्षाची कडी धड उमटतच नाहीत. संध्याकाळ झाली. फोटो जमिनीवर पसरलेले, आणि त्यांच्या मधोमध लेक बसलेली.

"बाबा," ती म्हणाली, "मी गेल्यावर तुम्हाला कुणी मोजलंच नाही."

"मला काय मोजायचं? मी काय वाढणार होतो?" काका म्हणाले आणि हसले. कुणी हसलं नाही, तेव्हा मात्र त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही.

लेक उठली. "या. उभे राहा."

"आता काय उपयोग?"

"उभे राहा ना, बाबा."

काकांनी चपला काढल्या, चौकटीला पाठ लावली. पूर्वी टाचा, पाठ, डोकं, सगळं लाकडाला टेकायचं. आता डोकं पुढेच राहिलं. "पेन्सिल आडवी धर," ते म्हणाले. "तिरकी झाली की वाचन चुकतं." लेकीने रेघ मारली. ती त्या जाड पट्ट्याच्या बरीच खाली, तिच्या स्वतःच्या पंधराव्या आणि सोळाव्या वाढदिवसाच्या मध्ये पडली. तिने शेजारी तारीख लिहायला घेतली आणि तिला रडू कोसळलं. लहान मुलीसारखी, बापाच्या शर्टात तोंड खुपसून ती रडली. काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि म्हणत राहिले, "अगं, तुझी काय चूक? तुझी काय चूक?"

सोमवारी पत्र गेलं. 'शेवटच्या तेरा वर्षांची वाचनं धरू नयेत.' लेकीने लिहिलं, आणि खाली सही करायला जागा सोडली. काकांनी दोनदा वाचून सही केली. संचालकबाई भांडल्या असं म्हणतात, भांडल्या असतील. लाल रेघ वर आणि निळी खाली, त्यापुढे कुणाचं काय चालणार? महिन्याभरात सालवाले आले.

त्यांच्याबरोबर यादी होती, पण कुठलं झाड कुठल्या जातीचं ते कुणाला माहीत नव्हतं. म्हणून काकांना बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून गेले. एकेका झाडापाशी उभं राहून जात सांगायची, नंबर सांगायचा, तिकडे कोयते चालायचे. सात नंबरपाशी मुकादम थांबला. माणूस बरा होता, आब राखून बोलणारा.

"काका, कागदावर लिहिलंय, छातीच्या उंचीपासून खाली सगळी साल काढायची. छातीची उंची म्हणजे नक्की कुठून हो?"

काकांचा हात आपोआप दुसऱ्या बटणाकडे गेला. तिथे जरा थांबला. मग त्यांनी तो उचलून चार बोटं वर, खोडावर ठेवला.

"इथून," ते म्हणाले.